खाडीतला पिंजरा (भाग 6) : दाणा वाहून नेणारी नळी

मागच्या भागात खाद्याची टाकी आणि टायमर पाहिले. आज टाकीपासून पिंजऱ्यापर्यंतची नळी. यंत्र घेताना सगळी चौकशी मोटारीची होते आणि पाइप मात्र दुकानात असेल तो उचलला जातो. आपल्या दमट किनाऱ्यावर यंत्र अडतं, ते आधी नळीत.

2017 पासून राज्याच्या कांदळवन उपजीविका योजनेतून खाडीकाठच्या गावांत पिंजऱ्यातली मत्स्यशेती पोचली. त्यातला मुख्य मासा जिताडा. जिताडा आपल्याच जातीच्या लहान माशांना खातो. खाद्य एका कोपऱ्यात पडलं की दांडगे खातात, बाकीचे उपाशी राहतात. आकारातला फरक वाढतो आणि मग मोठे धाकट्यांना गिळू लागतात. म्हणून दाणा अख्खा पोचणं आणि सगळीकडे पडणं, ही नळीची खरी जबाबदारी. चिरलेली तारली नळीतून जात नाही. ही सगळी व्यवस्था तरंगत्या, कोरड्या दाण्यासाठीच आहे.

आचरा, कोळंब किंवा कर्लीच्या खाडीत एक-दोनच पिंजरे असतील, तर हवेच्या यंत्राच्या नादी लागू नका. टाकी तराफ्यावरच ठेवा आणि 90 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप उतारावर लावा. कोरडा दाणा 45 अंशांवर घसरतो, पण पावसाळी हवेत 60 अंश धरा.

पिंजरे जास्त असतील किंवा टाकी काठावर ठेवायची असेल, तरच हवेचं यंत्र, म्हणजे ब्लोअर. नॉर्वेतल्या सामन माशांच्या शेतीत असाच हवेच्या झोतावर दाणा शेकडो मीटर जातो. झोत कमी पडला तर दाणे तळाशी बसून नळी तुंबते. जास्त झाला तर दाणे वळणावर आपटून फुटतात. हा चुरा मासा खात नाही, तो पाण्यात कुजतो. सेकंदाला 20 मीटरच्या आसपास वेग हवा. आतून 50 मिलिमीटर रुंद नळीत त्यासाठी मिनिटाला जवळपास 2.4 घनमीटर हवा लागते. रुंदी दुप्पट केली की हवा चौपट लागते. तेव्हा ‘मोठाच पाइप घेऊ’ हा विचार इथे महागात पडतो.

काटकोनी एल्बो वापरूच नका. काळा एचडीपीई पाइप गुंडाळीत मिळतो, तो निदान अर्धा मीटर त्रिज्येच्या सैल वळणाने फिरवा. पीव्हीसी जोडायचा असेल तर कापलेल्या कडा आतून कानशीने घासा आणि पाइपाचं रुंद तोंड ब्लोअरच्या बाजूला येऊ द्या. कौलं शाकारताना वरचं कौल खालच्यावर चढवतो, तसंच हे. दाण्याच्या वाटेत कडा आडवी येता कामा नये.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे टाकीखालचा सांधा. नळीतली दाबाची हवा टाकीत उलटी घुसते आणि दाणा खाली पडतच नाही. टाकीचं झाकण घट्ट लावून हे सुटत नाही. मधे पाकळ्यांचं फिरतं चाक लागतं: ते दाणा खाली सोडतं आणि हवा वर जाऊ देत नाही.

सिंधुदुर्गात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. अशा दमट हवेत रात्री नळी गार झाली की आतून दव धरतं, दाणा फुगून चिकटतो. म्हणून दाणा सोडण्याआधी आणि नंतर ब्लोअर काही मिनिटं रिकामाच चालवा. नळीच्या तोंडाला उघडझाप होणारी झडप लावा. पीव्हीसी उन्हात ठिसूळ होतो; काळा एचडीपीई टिकतो आणि पाण्यावर तरंगतोही. मात्र पाण्यात राहिलेल्या भागावर कालवं धरतात आणि वजन वाढतं, तेव्हा तो अधूनमधून खरवडावा लागतो. भरती-ओहोटीने पिंजरा वरखाली होतो, त्यामुळे काठाशी नळीला पुरेशी ढील ठेवा, नाहीतर सांधा निखळेल. पिंजऱ्याच्या मधोमध बंद पाइपाचं तरंगतं कडं ठेवलं की प्रवाहाबरोबर दाणा जाळ्याबाहेर जात नाही. ते माशांना पुरेसं पसरून खाता येईल इतकं मोठं हवं.

सगळं जोडल्यावर नळीच्या तोंडाला जाळीची पिशवी बांधा, मोजून पाच किलो दाणा सोडा आणि पिशवीतला माल चाळा. मूठभर चुरा निघाला, तर ब्लोअरचा वेग कमी करा आणि पुन्हा चाळून पाहा. ही चाचणी झाल्याशिवाय नळी पिंजऱ्यावर नेऊ नका.

पुढच्या भागात : वीज गेल्यावर काय?