‘बेन’, ‘बेबर’ आणि उपयोगी पाऊस

अरबी भाषेत ‘प’ नाही. मस्कतमध्ये दुसरीच्या मुलांना इंग्रजी शिकवायला उभे राहिले की ही गोष्ट दिवसातून पन्नास वेळा कानावर आदळते. पेनचे ‘बेन’, पेपरचा ‘बेबर’, पेप्सीची ‘बेबसी’. ओमानचे सुटे नाणे म्हणजे ‘बैसा’. एका रियालचे हजार बैसे. हा आपलाच पैसा बरं का! रिझर्व्ह बँकेने १९५९मध्ये आखातासाठी वेगळा रुपया काढला होता. ओमानात तो १९७०पर्यंत चालला. पुढे रुपया गेला, पैसा राहिला, फक्त त्याचा ‘प’ तेवढा बदलला.

मिस्टरांच्या नोकरीमुळे २००६ ते २००८ अशी दोन वर्षे मी तिथल्या एका खासगी शाळेत शिकवत होते. ‘प’ शिकवायची एक युक्ती असते. ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची आणि ‘पेन’ म्हणायचे. इंग्रजी उच्चारात हवेचा झोत येतो, पट्टी हलते. माझी पट्टी काही हलेना. आपला ‘प’ कोरडा. इंग्रजांचा शब्दारंभीचा ‘प’ हा आपल्या ‘प’ आणि ‘फ’च्या मधला. मुले हसून लोटपोट. मग पट्टी सगळ्यांनी मिळून हलवली.

मूल पाचही बोटांची टोके जुळवून हात वरखाली हलवते, तेही बाईंच्या तोंडासमोर. सोलापूरच्या शाळेत असे कुणी केले असते तर त्याची रवानगी थेट वर्गाबाहेर. तिथे त्याचा अर्थ एवढाच, ‘टीचर, जरा थांबा’. आणि आपण होकारासाठी मान डोलावतो ना, ती हो की नाही हे त्यांना वर्षअखेरीपर्यंत कळत नसे. वह्या उजवीकडून उघडत. कॅपिटल अक्षर हा प्रकार अरबीत नाहीच, त्यामुळे प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला भांडण.

मला वाटले होते, उर्दू येते म्हणजे निम्मे काम झाले. झाले उलटेच. तिथे ‘गरीब’ म्हणजे विचित्र, परका. ‘रकम’ म्हणजे आकडा, पैशांची रक्कम नव्हे. आणि दुकानांच्या काचांवर मोठ्या अक्षरांत ‘५० टक्के खसम’! उर्दूत खसम म्हणजे नवरा, तिकडे म्हणजे सवलत. घरी फोनवर सांगितले तेव्हा अम्मी किती तरी वेळ हसत होत्या.

खरा परकेपणा मात्र रमजानमध्ये जाणवला. मुस्लिम देश, मुस्लिम शाळा, वेळ कमी केलेली; इथे तरी घरच्यासारखे वाटेल असे कुणालाही वाटेल. पण रोजा, नमाज, सेहरी हे माझे शब्द स्टाफरूममध्ये कुणालाच ओळखीचे नव्हते. रोजा आणि नमाज फारसीतून आपल्याकडे आलेले. तिथे ‘सौम’, ‘सलात’, ‘सुहूर’. ओमानात इबादी पंथाचे लोक बरेच. ते नमाजात हात बांधत नाहीत, बाजूला मोकळे सोडतात. एकाच सफीत माझे हात बांधलेले, शेजारणीचे मोकळे. कुणी कुणाला काही विचारले नाही. विजापूर वेशीतल्या रमजानच्या गर्दीत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू कानावर पडत वाढलेल्या मला एकाच भाषेतला रमजान फार शांत वाटायचा.

चौदाव्या रात्री मात्र चित्र पालटले. ‘करनकशो’ नावाचा मुलांचा सण असतो. मुले दगड किंवा शिंपले एकमेकांवर आपटत, गाणी म्हणत घरोघर जातात आणि खाऊ गोळा करतात. हादग्याची खिरापत आठवली. दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात प्रथमच कुणी पुस्तक उघडायला तयार नव्हते, आणि इंग्रजी प्रथमच धडाधड बोलले जात होते. हा सण मला माहीत नाही म्हणताच प्रत्येकाला तो मला समजावून सांगायचा होता. क्रियापदे गाळून, ‘बे-बे’ करत, पण सांगायचाच होता.

त्याच पुस्तकात हवामानाचा धडा होता. ऊन असेल तर चांगला दिवस, पाऊस असेल तर वाईट. पुस्तक इंग्लंडचे. मस्कतला वर्षभरात जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडतो. २००६च्या वर्गाने एकमुखाने पुस्तक खोटे ठरवले. पाऊस म्हणजे रहमत. वादीला, म्हणजे कोरड्या ओढ्याला, पाणी आले की घरची माणसे गाडी काढून ते पाहायला जातात. मी सोलापूरची. पावसासाठी ईदगाहवर इस्तिस्काची नमाज आणि देवळात साकडे, दोन्ही एकाच आठवड्यात पाहिलेली. मी पुस्तकाची बाजू घेणार तरी कशी!

मग जून २००७मध्ये ‘गोनू’ चक्रीवादळ आले. वाद्यांनी रस्ते, गाड्या, घरे ओढून नेली. ओमानात पन्नासच्या आसपास माणसे दगावली. मस्कतच्या कुरम भागात फार नुकसान झाले. सप्टेंबरात रमजान लागला आणि नव्या वर्गासमोर तोच धडा आला. मुलांना चित्राखाली ‘गुड’ किंवा ‘बॅड’ लिहायचे होते. कुरमच्या एका मुलीने जागा कोरी ठेवली. घराचा तळमजला चिखलात गेलेला, हे तिच्या आईने आधीच सांगितले होते. मी तिला घाई केली नाही.

तासाच्या शेवटी ती वही घेऊन आली आणि अरबीत काहीतरी पुटपुटली. पाऊस सुरू होताना म्हणायची दुआ होती ती. लहानपणी आमच्या नानींनीही मला तीच शिकवली होती. त्यात नुसता पाऊस मागत नाहीत, उपयोगी पाऊस मागतात. त्या शब्दाला इंग्रजीत काय म्हणतात, हे तिला हवे होते. मी फळ्यावर लिहिले, ‘यूजफुल’. तिने ते उतरवून घेतले आणि ढगाच्या चित्राखाली लिहिले, ‘यूजफुल रेन, गुड’. खालच्या ओळीत ‘नॉट यूजफुल, बॅड’.

हल्ली कॉलेजात प्रथम वर्षाला पावसाळी दिवसावर परिच्छेद लिहायला देते. मंगळवेढा, सांगोल्याकडची मुले असतात, ज्यांच्या घरी ज्वारीची पेरणी सगळी पावसावर. त्यातले निम्मेअधिक गाईडमधले वाक्य उतरवतात की हवामान वाईट होते.