पडद्याची ओळख

संगणकावर कार्यप्रणाली नव्याने बसविली म्हणजे पहिला प्रश्न उद्भवतो तो पडद्याचा. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या लिनक्सच्या गाभ्याभोवती डेबियन, फेडोरा इत्यादी अनेक वितरणे उभी राहिली आहेत. एक वितरण सोडून दुसरे घेतले की चित्र उमटविण्याची व्यवस्था पुन्हा लावावी लागते.

काचनळीच्या जुन्या पडद्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत ओळीमागून ओळ रेखीत जाई. ७६८ ओळींचे चित्र सेकंदाला ६० वेळा रेखावयाचे, तर झोताच्या परतीचा काळ जमेस धरून दर सेकंदाला सुमारे ४८,००० ओळी होतात. हा वेग प्रत्येक पडद्यास झेपतोच असे नाही. १९९० नंतरच्या दशकात पडद्याच्या मर्यादांचे आकडे माहितीपुस्तिकेत पाहून एका फाइलमध्ये स्वहस्ते लिहावे लागत. आकडा चुकला तर चित्र विस्कटे. क्वचित पडद्यातील विद्युत्‌मंडलच निकामी होई.

१९९४ साली ‘एडिड’ हा संकेत ठरला. त्यानुसार पडदाच आपल्या क्षमतेची माहिती १२८ बाइटांत साठवून ठेवतो व तारेवाटे संगणकास कळवितो. आज लिनक्सचा गाभा ती वाचून योग्य मांडणी स्वतः निवडतो.

तथापि तार सदोष असली, किंवा मध्ये जोडलेले उपकरण हा संदेश अडवीत असले, तर चित्र ओबडधोबड दिसते. अशा वेळी नव्या वितरणास दोष देण्यापूर्वी तार बदलून पाहावी. आकडे स्वहस्ते भरणे हा त्यानंतरचा उपाय होय.