सुट्टीत गावी जा, पण तालीम चुकवू नका!

एप्रिलमध्ये भीमजयंती होते, शाळांच्या परीक्षा संपतात आणि मुंबई, कल्याण, नाशिक, सुरतच्या वस्त्यांतून खान्देशाकडे जाणाऱ्या गाड्या भरभरून निघतात. कुणी धुळ्याला उतरतो, कुणी नरडाण्याला, तर कुणी आग्रा रोडवर सोनगीरला. मामाचे गाव, आजीच्या हातची कळण्याची भाकरी, रात्री अंगणात टाकलेल्या बाजा, हेच कष्टकऱ्यांच्या लेकरांचे महाबळेश्वर! ते त्यांना मिळालेच पाहिजे.

पण आता आपल्या घरांतून एक नवा प्रश्न ऐकू येतो. वर्षभर कराटेच्या वर्गाला जाणारी मुलगी, जिममध्ये घाम गाळणारा मुलगा, पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धावणारा तरुण, यांनी गावी गेल्यावर काय करायचे? "चार दिवस आराम करू द्या की," असे वडीलधारी म्हणतात. चार दिवस आरामाने काहीच बिघडत नाही, उलट अंग सुधारते. मात्र सुट्टी चार दिवसांची नसते, महिना-दीड महिन्याची असते. अंगातली ताकद तीन-चार आठवडे बऱ्यापैकी टिकते, पण धावणाऱ्याचा दमसास दोन आठवड्यांतच उतरू लागतो. पोलीस भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावणे, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. तिथे थोड्या सेकंदांनी गुण जातात आणि थोड्या गुणांनी नोकरी जाते. मोलमजुरी करून ॲकॅडमीची फी भरणाऱ्या आईबापांना हे वेगळे सांगायला नको.

सोनगीर हे तांब्या-पितळेच्या भांड्यांचे गाव. तांबटाचा हातोडा पत्र्यावर सारखा पडत राहतो, तेव्हा कुठे हंड्याला पोट आणि गळा येतो. शरीराचेही तसेच आहे.

गावात पोचलात की विचारा

पहिली चौकशी ग्रामपंचायतीत करावी. गावात व्यायामशाळा आहे का, खुल्या व्यायामाची साधने कुठे बसवली आहेत, शाळेचे मैदान सकाळी उघडे असते का, हे विचारावे. राज्य शासनाचा क्रीडा विभाग व्यायामशाळा बांधायला आणि साहित्य घ्यायला अनुदान देतो. कुठल्या गावाला ते मिळाले, याची माहिती धुळ्याच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मिळू शकते. तोंडी मिळाली नाही, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करता येतो. सोनगीरहून धुळे सुमारे २० किलोमीटर. आठवड्यातून दोन दिवस तिथल्या वर्गाला जाणेही अशक्य नाही.

खाजगी जिम असेल तर पंधरा दिवसांची फी ठरते का ते आधी विचारा. तिथे कुणी झटपट दंड फुगवणाऱ्या गोळ्या किंवा इंजेक्शने पुढे केली, तर त्या जिमची पायरी पुन्हा चढू नका. हृदय आणि यकृत यांची ती नासाडी आहे.

मे महिन्यात गावोगाव कराटे, तायक्वांदोची उन्हाळी शिबिरे भरतात. त्यांत चांगली असतात, तशी पट्टे विकणारीही असतात. शिक्षक पारखायला तीन गोष्टी पुरेत. त्याने स्वतः कुणाकडे शिक्षण घेतले, हे तो सरळ सांगतो का? आईवडिलांना बसून वर्ग पाहू देतो का? आणि पहिल्या दिवशी लाथा-ठोशांऐवजी उभे राहायला व पडायला शिकवतो का? पंधरा दिवसांत वरचा पट्टा देणारा शिक्षक नव्हे, दुकानदार समजावा.

काहीच मिळाले नाही, तरी गावाला लागून किल्ल्याची टेकडी आहेच. पहाटे ती दोन वेळा चढून उतरले, खाली येऊन जोर-बैठका मारल्या, तर कुठल्या जिमची उणीव भासणार नाही. जुन्या विहिरीच्या आणि ढासळत्या कडांच्या जवळ मात्र जाऊ नये. धावायचे तर मैदानावर धावा. आग्रा रोडच्या कडेने अंधारात धावणे म्हणजे जिवाशी खेळ.

तालमीचे दार

आता जरा अवघड गोष्ट बोलू. ज्या गावांत जुनी तालीम आहे, तिथे ती बहुतेक गावकुसाच्या आत असते, आणि आपली वस्ती बाहेर. कुस्ती म्हणजे स्पर्श. खांद्याला खांदा, मानेवर हात, एकाचा घाम दुसऱ्याच्या अंगावर. पाणी दुरून ओतता येते, भाकरी वरून टाकता येते, पण कुस्ती दुरून खेळता येत नाही. म्हणूनच आपल्या आजोबा-पणजोबांना विहिरीसारखीच आखाड्याची मातीही लांब ठेवली गेली. ज्यांना आखाडा मिळाला नाही, त्यांनी वस्तीतच लाठीकाठीचे फड रंगवले. १९२७ च्या महाड सत्याग्रहाच्या काळात उभ्या राहिलेल्या समता सैनिक दलात अशीच कसलेली शरीरे शिस्तीने रांगेत उभी राहिली. सभा-परिषदांचे रक्षण त्यांनी केले.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबागेचे कुस्तीमैदान उभे केले. त्याच शाहू महाराजांनी १९२० च्या माणगाव परिषदेत बाबासाहेबांचा पुढारी म्हणून गौरव केला. बळाची आणि समतेची चाड एकाच माणसाच्या ठायी असू शकते, याचा हा दाखला.

आज कायदा आपल्या बाजूला आहे. संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १५ व्या कलमानुसार सरकारी पैशातून पूर्णतः वा अंशतः चालणाऱ्या सार्वजनिक जागेत जातीवरून कुणाला अडवता येत नाही. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्याच्या पाठीशी आहेत. म्हणून अनुदानातून उभ्या राहिलेल्या व्यायामशाळेत जाताना मेहेरबानी मागायला आल्यासारखे दारात घुटमळू नका. ती आपलीही आहे. जा, नाव सांगा, नियम विचारा, वेळ पाळा. बहुतेक ठिकाणी आजची पोरे जात विचारण्याआधी "किती जोर मारतोस?" हेच विचारतात. एकदा एकाच मातीत लोळले की पुष्कळ गोष्टी आपोआप गळून पडतात. पण कुणी अडवलेच, तर हमरीतुमरीवर न येता साक्षीदार आणि तारीख लिहून ठेवा, वस्तीतल्या जाणत्यांना घेऊन ग्रामपंचायतीत आणि गरज पडली तर पोलीस ठाण्यात जा.

दुसरा प्रश्न आमच्या वाचकांच्या मनात असणारच. तालमीत मारुती असतो. दीक्षा घेतलेल्या घरातल्या मुलाने तिथे काय करायचे? आमचे मत स्पष्ट आहे. बावीस प्रतिज्ञा घराच्या उंबऱ्यावर ठेवून जायच्या नसतात. मूर्तीपुढे हात जोडायचे नाहीत, आणि ज्याची श्रद्धा आहे त्याची टिंगलही करायची नाही. मातीला हात लावावा, वस्तादांना वाकून नमस्कार करावा आणि लंगोट कसावा. माती कुणा देवाची नाही, राबणाऱ्यांची आहे. समंजस वस्ताद यापेक्षा जास्त मागत नाही. जो मागेल, त्याच्याकडे न जाता विहाराच्या अंगणात व्यायाम करावा.

मारामारी आणि धम्म

"आपण बुद्धाची लेकरे, मग ठोसे कशाला शिकायचे?" असेही कुणी विचारतात. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी याचे उत्तर देऊन ठेवले आहे. मारण्याची हौस वेगळी आणि मारावे लागण्याची गरज वेगळी, हा भेद त्यांनी तिथे मांडला आहे. सिद्धार्थाला धनुर्विद्या आणि शस्त्रे चालवणे शिकवले होते, तरी शिकार त्याला आवडत नसे, हेही त्याच ग्रंथात आहे. शक्ती असावी आणि हात आवरता यावा, हे खरे शिक्षण.

जगातल्या अनेक युद्धकलांचे बौद्ध देशांशी जुने नाते आहे. चीनमधले शाओलिन विहार पाचव्या शतकाच्या अखेरीचे. भारतातून गेलेल्या बोधिधर्माने तिथल्या भिक्खूंना व्यायाम शिकवला, अशी तिकडची परंपरा सांगते. ती दंतकथा मानली, तरी ध्यान आणि व्यायाम एकाच अंगणात नांदले हे तर खरेच.

आपल्यातल्या काही कुटुंबांना आता थायलंडची धम्मयात्राही घडते. तिथला राष्ट्रीय खेळ मुए थाई. ठोसे, लाथा, गुडघे, कोपरे यांची ती लढत. तिथल्या अनेक तालमी बाहेरच्या पाहुण्यालाही काही दिवसांसाठी शिकायला घेतात. लढतीआधी खेळाडू गुरूला वंदन करतो. उष्ण देश असल्याने तालीम पहाटे आणि दुपार कलल्यावर चालते. बँकॉकच्या एका प्रसिद्ध मैदानाचे नाव लुम्पिनी, म्हणजे आपले लुंबिनी! १९५६ मध्ये, ज्या वर्षी नागपूरला धम्मदीक्षा झाली, त्याच वर्षी ते सुरू झाले.

पण याच मैदानाची दुसरी बाजूही ऐका. तिथे बाईने रिंगणाला हात लावणेसुद्धा अशुभ मानत. तिथे स्त्रियांची पहिली लढत व्हायला नोव्हेंबर २०२१ उजाडले. म्हणजे बौद्ध देशातही स्पर्शाचा विटाळ होता आणि तोही मोडावा लागला. आपल्याकडेही महिला महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा २०२३ मध्ये सांगलीला झाली. तेव्हा गावी गेलेल्या मुलीला "तू चुलीपाशी बस, भाऊ जाईल तालमीला" असे सांगण्याचा अधिकार आपल्यापैकी कुणालाही नाही. ज्यांच्यावर शिवाशिवीचे चटके बसले, त्यांनी घरात दुसरी शिवाशिव पाळू नये.

खान्देशाचे ऊन

मुंबईचा घाम अंगावर निथळतो, म्हणून तहान कळते. खान्देशात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांच्या पुढे जातो आणि हवा कोरडी. घाम आला कधी आणि वाळला कधी, समजत नाही. अंगातले पाणी गुपचूप कमी होते. शहरातून आलेल्या शरीराला या उन्हाची सवय व्हायला आठ ते पंधरा दिवस लागतात. म्हणून पहिले तीन-चार दिवस निम्माच व्यायाम करावा. वेळ पहाटे साडेपाच ते सात. सकाळी नऊनंतर मैदानावर थांबू नये. पत्र्याच्या छपराखालच्या जिममध्ये तर दुपारी मुळीच जाऊ नये.

व्यायामाआधी आणि नंतर पाणी प्यावे. एक लिटर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घरचे सरबत कुठल्याही रंगीत बाटलीपेक्षा सरस. खेळताना डोके गरगरले, ओकारी आली, बोलणे भरकटले, तर ताबडतोब सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. ऊन लागून माणूस दगावतो, हे हसण्यावारी नेऊ नये.

आहारासाठी डबाबंद भुकटीची गरज नाही. कळण्याच्या भाकरीत ज्वारी आणि उडीद एकत्र असतात. धान्य आणि डाळ मिळून शरीराला लागणारी प्रथिने एकमेकांची उणीव भरून काढतात. जोडीला शेंगदाणे, अंडी, ताक आणि जळगावची केळी. पैलवानाला आणखी काय हवे?

शहरातले गावाला द्या

शेवटची गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. सुट्टीला आलेले मूल गावाकडून खूप काही नेते. त्याने गावाला काय द्यावे? शहरात दोन-तीन वर्षे कराटे शिकलेल्या मुलीने पंधरा दिवस विहाराच्या अंगणात वस्तीतल्या मुलींना गोळा करावे. लाथा-ठोशांचे धडे तिने देऊ नयेत, ते शिक्षकाचे काम. पण ताठ कसे उभे राहायचे, पडताना डोके कसे वाचवायचे, मनगट धरले तर कसे सोडवायचे आणि पोटातून ओरडायचे कसे, एवढे तिला नक्की शिकवता येईल. कॉलेजला दूरच्या गावी एस.टी.ने जाणाऱ्या मुलीला याचा उपयोग किती, हे तिच्या आईला विचारा. भरतीची तयारी करणाऱ्या तरुणाने गावातल्या चार पोरांना सोबत घेऊन धावावे, वेळ मोजायला शिकवावे. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, ही माहितीही कित्येक घरांपर्यंत पोचलेली नसते. ती पोचवावी.

आणि एक दिवस सर्वांनी मिळून धुळ्यापलीकडे लळिंगला जावे. न्यायालयीन कामासाठी ३१ जुलै १९३७ रोजी धुळ्याला आलेले बाबासाहेब तिथल्या लांडोर बंगल्यात थांबले होते. दरवर्षी ३१ जुलैला तिथे भीमसैनिकांची गर्दी लोटते. सुट्टीत पहाटे जाऊन लळिंगचा किल्ला चढावा आणि उतरताना बंगल्यापाशी बसून मुलांना ती हकिकत सांगावी. पायांना व्यायाम आणि मनाला खुराक, दोन्ही एका खेपेत होईल.

ज्यांच्या कष्टाच्या शरीरावर इतरांनी वाडे बांधले, त्यांच्या लेकरांनी आता ते शरीर स्वतःसाठी घडवायचे आहे. यंदा गावी जाताना पिशवीत फराळाबरोबर धावायचे बूटही टाका.

जयभीम!