मूत्राशयांतील नळी कां तुंबते?

पाठीच्या कण्यास इजा झाल्यानें किंवा अन्य विकारामुळें ज्यांचें मूत्राशय आपोआप रिकामें होत नाहीं, अशा कित्येक रोग्यांना कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, महिनोन्‌महिने बाळगावी लागते. अमेरिकन शल्यवैद्य फ्रेडरिक फोले यांनीं १९३० च्या दशकांत प्रचारांत आणलेल्या नळीच्या टोकाशीं एक लहान फुगा असतो; तो आंत पाण्यानें फुगविला कीं नळी निसटत नाहीं. रोगी घरीं आला म्हणजे तिची राखण घरच्या मंडळींकडे येते.

अशी नळी महिनाभर राहिली कीं बहुतेकांच्या लघवींत जंतु आढळतात. तेवढ्यानें उपचाराची गरज ठरत नाहीं. लक्षणें नसतां जंतुनाशक औषधें घेत राहिल्यास जंतु त्यांना दाद देईनासे होतात. खरी अडचण ‘प्रोटियस’ जंतूची. तो लघवींतील युरियापासून अमोनिया तयार करतो. त्यायोगें लघवी अल्कधर्मी बनते आणि मॅग्नेशियम व कॅल्शियम यांचीं फॉस्फेटें नळींत सांचूं लागतात. पाणी तापविण्याच्या बंबांत पुटें चढतात, तसाच हा प्रकार.

हें टाळण्याचे उपाय साधे आहेत. डॉक्टरांची मनाई नसल्यास रोग्यानें दिवसभर भरपूर पाणी प्यावें. त्यांत लिंबू असल्यास स्फटिक बनण्यास विलंब लागतो. नळीला हात लावण्यापूर्वीं व नंतर हात साबणानें धुवावे. पिशवी मूत्राशयाच्या पातळीखालीं असावी, परंतु जमिनीस टेकूं नये. नळीस पीळ किंवा ताण पडूं नये. मलावरोधानेंही प्रवाह अडतो, म्हणून पोट साफ असावें. एक नळी सामान्यतः १२ आठवड्यांहून अधिक ठेवीत नाहींत. मात्र पूर्वींच्या नळ्या कितव्या दिवशीं तुंबल्या हें वहींत टिपलेलें असल्यास, पुढची नळी तुंबण्याआधींच बदलून घेतां येते.

लघवी थांबली, ओटीपोट फुगलें किंवा नळीच्या बाजूनें लघवी झिरपूं लागली, तर प्रथम पीळ व पिशवीची उंची पाहावी. तरीही प्रवाह सुरू न झाल्यास सकाळची वाट न पाहतां डॉक्टरांना गांठावें. तुंबलेल्या लघवीचा दाब मूत्रपिंडांपर्यंत पोहोंचतो. थंडी वाजून ताप आल्यासही विलंब करूं नये. कण्याच्या वरच्या भागास इजा झालेल्या रोग्याचें डोकें एकाएकीं ठणकूं लागलें व त्यास घाम फुटला, तर रक्तदाब धोक्याच्या पातळीस गेला असण्याचा संभव असतो. अशा वेळीं त्यास उठवून बसवावें आणि तत्काळ मदत आणावी. तुंबलेली नळी मोकळी झाली कीं बहुधा हा दाब उतरूं लागतो.