राखणदार वाढले, पण दार कुठे?

मेणाची रिबन उतरत असताना आमच्या लॅबमध्ये कोणी पंखा लावत नाही. चार मायक्रॉनचा छेद, उच्छ्वासानेही उडतो. टेक्निशियन काका तो कुंचल्याच्या टोकाने कोमट पाण्यावर सोडतात आणि सुरकुत्या गेल्या की काचेवर झेलतात. आजचा तुकडा गर्भाशयमुखाचा. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या स्लाइडवर पेशी दाटीवाटीच्या दिसल्या, पण ही नुसती झीज की कर्करोगाची पूर्वावस्था, यावर मी अडले. म्हणून पी-१६ या प्रथिनाची तपासणी.

झायलिनमध्ये मेण उतरवायचं, मग स्लाइड बफरमध्ये उकळायची. फॉर्मालिनने जखडलेली प्रथिनं त्याने मोकळी होतात. नंतर पी-१६ला चिकटणारी अँटिबॉडी आणि शेवटी रंग देणारं डीएबी. पी-१६ असेल तिथे तपकिरी, बाकी केंद्रकं हिमॅटॉक्सिलिनने निळी.

१९९३मध्ये ओळख पटलेलं हे प्रथिन पेशीला आवर घालतं. सीडीके-४ आणि सीडीके-६ या एन्झाइमांना ते धरून ठेवतं. ती सुटली की आरबी नावाचं प्रथिन निकामी करतात आणि पेशी विभाजनाकडे निघते. स्वादुपिंडाच्या कित्येक कर्करोगांत नवव्या गुणसूत्रावरचं पी-१६चं जनुकच हरवलेलं असतं. मग इथे रंग चढला तर मी काळजीत का पडते? दरवर्षी कोणीतरी विद्यार्थिनी हे विचारतेच, आणि प्रश्न रास्त आहे.

उत्तर एचपीव्ही विषाणूत आहे. त्याचं ई-७ प्रथिन आरबीचाच नाश करतं. आरबी म्हणजे दार, पी-१६ राखणदार. एरवी राखणदारांची संख्या आटोक्यात ठेवण्यातही आरबीचा हात असतो. दारच उखडलं की ते वाढत सुटतात, आणि त्यांना राखायला काही उरत नाही.

दुपारी स्लाइड आली. इथे घाई नडते. अधूनमधून फिकट तपकिरी ठिपके असले तर ते मी मोजत नाही. तळाच्या थरापासून सलग, गडद, निदान एक तृतीयांश जाडीपर्यंत रंग हवा. (तंबाखूने झालेल्या गालाच्या कर्करोगातही पी-१६ मागणारे फॉर्म येतात. तिथे त्यावरून एचपीव्हीचा अंदाज बांधणं फसवं.)

"आला का रंग?" काका दारातून विचारतात.

"खालपासून वरपर्यंत," मी नजर न काढता म्हणते.

ते काही बोलत नाहीत. पुढचा ब्लॉक बर्फावर ठेवतात.