दिवेलागणीला मूल अडखळतं का?

आमच्या वाशीम जिल्ह्यात संध्याकाळी वीज जाणं काही नवलाचं नाही. मी सकाळी शाळेत अर्धवेळ शिकवते आणि संध्याकाळी ओसरीवर शेजारपाजारची मुलं अभ्यासाला बसवते. एकदा अशीच वीज गेली. मी मेणबत्ती पेटवते आहे तोच धाडकन आवाज झाला. तिसरीतली एक मुलगी पाण्याच्या घागरीवर आपटली होती. "डोळे कुठं ठेवलेस गं? वेंधळी कुठली!" मी रागावले. बाकीची मुलं हसली.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. "ताई, तिले रागावू नका जी. आम्हीबी कामचुकार समजून मारलं तिले. पण दिवस बुडाला का तिले दिसतच नाई." ऐकून मी ओशाळले. हा तर रातांधळेपणा! बी.ए. झालेल्या माझ्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

आपल्या डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक नाजूक पडदा असतो, त्याला दृष्टिपटल म्हणतात. १८७६ साली फ्रान्झ बोल या जर्मन शास्त्रज्ञाला बेडकाच्या डोळ्यात एक गंमत दिसली. अंधारात ठेवलेल्या बेडकाचं दृष्टिपटल लालसर असे आणि उजेडात आणलं की तो रंग उडून जाई. अंधुक प्रकाशात आपल्याला दिसतं ते या रंगद्रव्यामुळेच. उजेडानं ते विरतं, अंधारात पुन्हा तयार होतं. पण कशापासून? १९३३ साली जॉर्ज वाल्ड या तरुण अमेरिकन संशोधकानं जर्मनीतल्या प्रयोगशाळेत दृष्टिपटलात 'अ' जीवनसत्त्व शोधून काढलं. पुढे १९६७ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. म्हणजे बघा, पोटात 'अ' जीवनसत्त्व गेलं नाही तर हा रंग पुरेसा बनत नाही आणि संध्याकाळ झाली की मूल चाचपडू लागतं.

हे दुखणं वेळीच ओळखलं तर बरं होतं. दुर्लक्ष झालं तर मात्र डोळे कोरडे पडतात, पांढऱ्या भागावर फेसासारखे डाग दिसतात आणि शेवटी बुबुळ मऊ पडून फुटतं. मग गेलेली दृष्टी औषधानं परत येत नाही. गोवर किंवा जुलाबानं अशक्त झालेल्या मुलांना हा धोका जास्त.

आपल्या देशात १९७० पासून लहान मुलांना 'अ' जीवनसत्त्वाचे डोस देण्याची सरकारी योजना आहे. नवव्या महिन्यात पहिला डोस, मग दर सहा महिन्यांनी एक, असे पाच वर्षांपर्यंत एकूण नऊ. या मुलीचं कुटुंब दिवाळीनंतर कामासाठी बाहेरगावी जातं. तिचे डोस चुकले होते आणि तिच्या तीन वर्षांच्या भावाचं कार्ड पाहिलं तर तेही निम्मं कोरं!

आता स्वयंपाकघराकडे वळू या. दूध, लोणी, अंडी यांत हे जीवनसत्त्व तयार मिळतं. शेवग्याचा पाला, हादग्याची पानं, मेथी, पालक, गाजर, लाल भोपळा, पिकलेली पपई आणि आंबा यांतल्या घटकापासून शरीर ते स्वतः तयार करतं. शेवगा तर परसात फुकट! आपण शेंगा तेवढ्या खातो आणि पाला शेळीला घालतो. भाजीला चमचाभर तेल हवंच, त्याशिवाय हा घटक अंगी लागत नाही. पालेभाजी कडक उन्हात वाळवू नका, सावलीत वाळवा.

पण एक सांगते, डोस आपल्या मनानं देऊ नका. जास्त झाला तर अपाय होतो, आणि गरोदरपणी मोठा डोस पोटातल्या बाळाला घातक ठरतो. गरोदर बाईला संध्याकाळी दिसेनासं झालं तर तिनंही डॉक्टरांना सांगावं. शिवाय काही रातांधळेपणा आनुवंशिक असतो, तो या औषधानं जात नाही. म्हणून तपासणी आधी.

आमच्या या मुलीला डॉक्टरांनी औषध दिलं आणि आठवड्याभरात फरक दिसला. भावाचे राहिलेले डोसही आता सुरू झाले. परवा वीज गेली तेव्हा तीच उठली आणि घागरीला वळसा घालून मला काडेपेटी आणून दिली. "घ्या बाई!" म्हणाली. मी तिला जवळ घेतलं.

तेव्हा भगिनींनो, दिवेलागणीला मूल अडखळलं तर रागावण्याआधी एवढं विचारा, "बाळा, तुला दिसतंय ना?"