आकाशगंगेचे छायाचित्रकार : एडवर्ड बार्नार्ड

एडवर्ड एमर्सन बार्नार्ड ह्यांचा जन्म १८५७ साली अमेरिकेतील नॅशव्हिल येथे झाला. जन्मापूर्वीच पित्याचे छत्र हरपलेले. घरी कमालीचे दारिद्र्य. शाळा लाभली ती अवघी दोन महिने. बाकीचे शिक्षण मातेने घरीच दिले. नवव्या वर्षी ते एका छायाचित्रगृहात कामास लागले. छायाचित्रे मोठी करण्याचे तेथील यंत्र सूर्यप्रकाशावर चाले. सूर्य सरकेल तसतसे ते हाताने वळवीत राहावयाचे, हे त्या बालकाचे काम.

हीच चिकाटी पुढे उपयोगी पडली. आकाशगंगेतील अंधुक प्रकाश काचेवर उमटण्यास कित्येक तास लागत. पृथ्वी फिरत असता तेवढा वेळ दुर्बीण एकाच ताऱ्यावर रोखून ठेवावी लागे. कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत १८८९ पासून बार्नार्ड ह्यांनी अशी छायाचित्रे घेतली. १८९२ मध्ये त्यांना छायाचित्रावर एक नवा धूमकेतू आढळला. ह्या रीतीने लागलेला हा पहिलाच धूमकेतू होय.

आकाशगंगेतील काळे डाग म्हणजे ताराशून्य पोकळ्या, असे त्यांना आरंभी वाटे. परंतु स्वतःचीच छायाचित्रे वर्षानुवर्षे तपासून त्यांनी मत बदलले व १९१९ साली १८२ डागांची सूची प्रसिद्ध केली. हे डाग म्हणजे मागील ताऱ्यांचा प्रकाश अडविणारे धूलिमेघ होत, हे आता सिद्ध झाले आहे.

पावसाळा सरताच, अमावास्येच्या सुमारास, शिक्षकांनी विद्यार्थ्यांना श्रवण ताऱ्याजवळची आकाशगंगेतील काळी फट दाखवावी. कामामुळे ज्याची शाळा चुकते, त्या मुलासही त्या रात्री आवर्जून बोलवावे.